चाळीस मिनिटांची प्रार्थना आणि अडीच वर्षांचं लेकरू

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, सध्या चाकणजवळ राहतो. मिस्टर कंपनीत शिफ्टमध्ये, मीही नोकरी करते. मुलगी पाच वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. सासूबाई रोज रात्री साडेनऊला कौटुंबिक प्रार्थना घेतात. दोन गीतं, एक अध्याय, मग प्रार्थना, चाळीस मिनिटं सहज जातात. मुलगा उठून पळतो, मुलगी रडकुंडीला येते आणि शेवटी कुणीतरी धपाटा खातं. मिस्टर म्हणतात, छडी तर शास्त्रातच लिहिली आहे. सोसायटीच्या गणपतीत प्रसादावरून घरात वाद होतो. मे महिन्यात सासरे गेले, मुलगी रोज विचारते आजोबा कधी येणार. रविवारी चर्चमध्ये मुलांना घेऊन बसणं नकोसं झालंय. मुलांना विश्वासात वाढवायचंय, पण नेमकं करायचं काय?

ताई, तुमच्या घरात देवभक्ती कमी नाही आणि मुलंही वांड नाहीत. नगरला मी बरीच वर्षं बालवाडी घेतली आणि त्याच काळात रविवारी चर्चमधल्या मुलांच्या शब्बाथ शाळेचा सगळ्यात धाकटा वर्गही माझ्याकडेच होता. आठवडाभर जी मुलं बालवाडीत असायची त्यातली कित्येक रविवारी पुन्हा समोर यायची. त्यामुळे एक गोष्ट मला पक्की कळली. लहान मुलाची भक्ती त्याच्या झोपेपासून, भुकेपासून आणि खेळापासून वेगळी काढता येत नाही. दिवसात जे आधीच आहे त्यालाच ती जोडावी लागते. तुमच्या सगळ्या प्रश्नांना मी इथूनच उत्तर देणार आहे.

आधी वेळेचं बघू. साडेनऊ ही वेळ मुलांची नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांप्रमाणे एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात 11 ते 14 तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्याला 10 ते 13 तास. दुपारची झोप यातच धरली आहे. सकाळी साडेसहाला तुमचं घर जागं होत असेल, तर धाकटा रात्री साडेआठ-नऊला झोपलेला असायला हवा. झोप टळलेलं मूल पेंगत बसत नाही, ते पिसाळल्यासारखं पळत सुटतं. मोठ्यांना वाटतं मस्ती चाललीय, मुद्दाम करतोय. खरं तर त्याला स्वतःला आवरणंच त्या वेळी शक्य नसतं. अशा वेळी त्याला मांडीवर दाबून धरलं की रोज रात्री त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की होते: प्रार्थना म्हणजे मला धरून ठेवतात ती वेळ.

म्हणून प्रार्थना दोन करा. मुलांची संध्याकाळी सात-साडेसातला, जेवणाआधी, सहा-सात मिनिटांची. मोठ्यांची साडेनऊला, आत्ता आहे तशीच, मुलं झोपल्यावर.

यात सासूबाईंचं मन दुखवू नका. मे महिन्यात त्यांचा जोडीदार गेला आहे. रात्रीची ती चाळीस मिनिटं त्यांचा आधार असणार. सासरे असताना कदाचित दोघं मिळूनच प्रार्थना घेत असतील. “आई, एवढी लांब प्रार्थना नको,” असं कुणी म्हटलं तर त्यांना ते फार लागेल, आणि लागणं बरोबरच आहे. त्यांची प्रार्थना एका मिनिटानेही कापू नका. उलट एक काम वाढवा: “आई, मुलांची प्रार्थना तुम्हीच घ्या. सातला घेऊ, म्हणजे ती जागी असताना तुमच्याकडून ऐकतील.” आजीकडे जे आहे ते तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. तिच्याकडे वेळ आहे, पाठ असलेली गीतं आहेत, आणि मुलांच्या बापाच्या लहानपणच्या गोष्टी आहेत. आणि रात्री त्यांच्या प्रार्थनेला तुम्ही दोघं बसा. मुलं झोपली म्हणून आजी एकटी पडली असं होऊ देऊ नका. त्यांना तरी शंका राहिली तर पाळकसाहेब घरभेटीला येतील तेव्हा त्यांच्यासमोर बोला. प्रभू येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हटली तरी मिनिटभरात संपते, हे कुठलेही पाळक त्यांना आनंदाने सांगतील.

सहा-सात मिनिटांत काय करायचं? एक गीत, उभं राहून, हातवारे करून. मग चार-पाच वाक्यांची गोष्ट किंवा एक वचन. मग प्रत्येकाने एकेक वाक्य बोलायचं. शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. धाकट्याला ‘आमेन’ची जबाबदारी द्या. अडीच वर्षांचं मूल ती मोठ्या निष्ठेने सांभाळतं, कधी मध्येच म्हणतं, कधी चारदा म्हणतं. म्हणू द्या. डोळे मिटायची सक्ती नको. या वयाच्या मुलाला डोळे मिटले की आई कुठे गेली याचीच काळजी लागते, ते अर्धा डोळा उघडून बघतच राहतं.

त्या एका वाक्यात मूल काय बोलतं ते सुधारू नका. माझ्या वर्गातला एक मुलगा कित्येक दिवस रोज फक्त शेजारच्या शेळीसाठी प्रार्थना करायचा, कारण तिचा पाय मोडला होता. एकदा त्याची आजी त्याला म्हणाली, “अरे, देवाजवळ काहीतरी चांगलं माग.” दुसऱ्या दिवसापासून तो मोठ्यांसारखं बोलायला लागला: “हे दयाळू पित्या, आम्ही पापी आहोत.” त्याला पाप म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. शेळी मात्र ठाऊक होती आणि तिच्याबद्दल तो मनापासून बोलत होता. त्याला परत शेळीवर आणायला मला पुष्कळ दिवस लागले.

आणखी एक खोड मी घरोघरी पाहिली आहे, ती मात्र कडकपणे सोडा. प्रार्थनेतून मुलाला रागावू नका. “हे प्रभू, हिला आईचं ऐकायची बुद्धी दे, भावाला मारू नये असं हिला शिकव.” मुलांना लगेच कळतं की हे देवाशी बोलणं नाही, डोळे मिटून मलाच बोलणी बसताहेत. जे सांगायचं ते मुलीला डोळे उघडे ठेवून, तिच्या उंचीला बसून सांगा. देवाजवळ तिचे आभार माना: “प्रभू, आज हिने भावाला चप्पल घालून दिली, त्याबद्दल तुझे उपकार.” ही प्रार्थना ऐकताना मुलीचा चेहरा बघा.

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आईबापांना देवाची वचनं मुलांना शिकवायच्या चार वेळा सांगितल्या आहेत: घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता आणि उठता. मला हे वचन फार व्यवहारी वाटतं, कारण त्यात वेगळी बैठक मांडायला सांगितलेलं नाही. या चारही वेळा तुमच्या दिवसात आहेतच. शाळेच्या व्हॅनची वाट बघताना, “आज वर्गात कोण आजारी आहे गं? चल, तिच्यासाठी एक वाक्य बोलू.” रस्त्याने अ‍ॅम्ब्युलन्स गेली तर, “प्रभू, आत कोण आहे त्याला सांभाळ.” ताटावर बसल्यावर दोन ओळींची आभारप्रार्थना. अंथरुणावर डोक्यावरून हात फिरवत स्तोत्र 23 ची पहिली ओळ: “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.” रोज तीच ओळ, रोज त्याच आवाजात. नवेपणाची हौस मोठ्यांना असते, मुलांना कालचंच आज हवं असतं. महिन्याभरात मुलगी पुढची ओळ स्वतः विचारेल, तेव्हा द्या.

प्रभूची प्रार्थना घोकून घेऊ नका. पाच वर्षांची मुलं ती ऐकून उचलतात, तुकड्यातुकड्याने. सुरुवात आणि शेवट आधी येतो, मधलं पुटपुटतात. त्यातलं ‘ऋण’ त्यांना कळत नाही, ‘परीक्षा’ म्हटलं की पुढे शाळेची परीक्षा आठवते. हरकत नाही. मुलं आत शिरतात ती ‘रोजची भाकर’ या जागेवरून. आमच्याकडे बाजरीच्या भाकरीचं जेवण, त्यामुळे ती ओळ आली की मुलांचा आवाज चढायचा. एकीने मला विचारलं होतं, की ज्यांच्याकडे आज भाकर नाही ती मुलं पण हेच म्हणतात का, मग त्यांना का नाही मिळत? पाच वर्षांची मुलगी होती. मी तिला म्हटलं, “म्हणूनच ‘माझी भाकर’ नाही म्हणत आपण, ‘आमची भाकर आम्हांला दे’ म्हणतो. आपल्या डब्यात जास्त असेल तर ती त्यांची असते.” दुसऱ्या दिवशी तिच्या आईने डब्यात जास्तीची भाकरी घालून पाठवली. या वयात शिकवण अशीच पुढे जाते, डब्यातून.

गीतांबद्दल माझं मत ठाम आहे. आपल्या गीतांच्या पुस्तकांत दोन तऱ्हेची गीतं आहेत. मिशनरींनी आणलेल्या इंग्रजी चालींवर बसवलेली, आणि आपल्या भजन-अभंगाच्या चालींवरची. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी नगर भागात राहून ही दुसरी तऱ्हा किती समृद्ध केली ते तुमच्या सासूबाईंना सांगायला नको, त्यांना त्यातली कित्येक तोंडपाठ असतील. लहान मुलांसाठी हीच निवडा. इंग्रजी चालीत मराठी शब्द भलत्याच जागी ताणले जातात आणि मुलाच्या जिभेला ओळ सापडत नाही. अभंगाची ओळ छोटी, यमक जवळ आणि ठेका चालण्याचा, म्हणून ती दोन वर्षांच्या मुलालाही धरता येते. धाकट्याच्या हातात टाळ द्या. गोंगाट होईल, पण जो पोरगा प्रार्थनेतून पळत होता तो टाळासाठी स्वतः येऊन बसेल. ख्रिस्ती कार्टून लावून मोबाइल हातात देणं मात्र प्रार्थनेच्या हिशोबात धरू नका. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तो तास नोहाच्या तारवाच्या कार्टूनने भरला तरी तासच असतो.

गोष्टींची निवड नीट करा, बायबलमधली प्रत्येक गोष्ट पाच वर्षांसाठी नाही. हरवलेलं मेंढरू, वादळ शांत करणारा येशू, पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन आलेला मुलगा, रात्री हाक ऐकू येणारा लहानगा शमुवेल, या गोष्टी कितीही वेळा सांगा. जक्कयाची गोष्ट उंबराच्या झाडाखाली उभं राहून सांगता आली तर सोन्याहून पिवळं. आपल्याकडे उंबर जागोजागी आहे, आणि बुटका माणूस गर्दीमुळे दिसत नाही म्हणून झाडावर चढला हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही, त्यांना रोजच मोठ्यांचे गुडघे दिसतात. तुमच्या मुलीला मोशेच्या बहिणीची गोष्ट मुद्दाम सांगा. टोपलीतल्या तान्ह्या भावावर लव्हाळ्यांजवळ उभी राहून नजर ठेवणारी, आणि फारोच्या मुलीपुढे न घाबरता जाऊन बोलणारी ती पोर. घरात धाकटा आल्यावर मोठीला सारखं “तू मोठी आहेस ना” ऐकावं लागतं. तिला या गोष्टीत स्वतःची जागा मिळेल.

अब्राहामाने इसहाकाला वेदीवर ठेवल्याची गोष्ट आत्ता नको. मी ती चौथी-पाचवीच्या आधी कधीच घेतली नाही. लहान मूल त्या गोष्टीत स्वतःला अब्राहामाच्या जागी बघत नाही, इसहाकाच्या जागी बघतं, आणि रात्री बापाकडे वेगळ्या नजरेने पाहतं. वधस्तंभाची गोष्ट टाळता येत नाही, टाळूही नये, पण तिचे रक्ताचे तपशील टाळावे. “काही लोकांना येशूचा राग आला. त्यांनी त्याला खूप दुखवलं आणि तो मेला. तिसऱ्या दिवशी देवाने त्याला पुन्हा जिवंत केलं.” तीनही वाक्यं एकाच बैठकीत सांगा. शुक्रवारी दोन सांगून तिसरं ईस्टरपर्यंत राखून ठेवलं तर मुलाचे मधले दोन दिवस फार वाईट जातात. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) बारा ते तीनच्या उपासनेला धाकट्याला नेऊच नका, मुलीला पहिलं गीत होईपर्यंत बसवा आणि बाहेर आणा. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी मात्र दोघांनाही न्या, हातात झावळी द्या, होसान्ना म्हणू द्या. तो दिवस त्यांचाच आहे.

आता छडी. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही, कारण बायबलच्या नीतिसूत्रांत छडीची वचनं खरंच आहेत आणि त्यांच्या पिढीने ती अंगावर सोसली आहेत. पण त्याच शास्त्रात बापांना उद्देशून थेट आज्ञा आहे, इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय, चौथं वचन: आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सैकरांस पत्रातही तेच, मुलं खिन्न होतील म्हणून. साडेनऊला झोपेने बेजार झालेल्या पोराला बसवून, ते उठलं की मारणं याला चिरडीस आणणं म्हणतात. दुसरा शब्द मला सापडत नाही.

आणि काठी कशासाठी असते ते आपल्या भागात पुस्तकातून शिकायची गरज नाही. दिवाळीनंतर नगर-पारनेरच्या रस्त्यांनी धनगरांचे कळप जाताना मिस्टरांनी लहानपणी शंभरदा पाहिले असतील. धनगर काठी आडवी धरतो, मेंढरू कुणाच्या ज्वारीत शिरू नये म्हणून. काठीने तो बोरीची फांदी खाली वाकवतो, कुत्रं हाकलतो, अडखळलेल्याला वाट दाखवतो. त्याने स्वतःच्या मेंढरांना झोडपलं तर कळप त्याच्या मागे येणारच नाही. स्तोत्र 23 मध्ये मेंढपाळाची काठी धीर देते असं म्हटलंय ते या अर्थाने. शिस्त म्हणजे आडवी धरलेली काठी, आणि ती हवीच. माझ्या अनुभवात मार खाऊन प्रार्थनेला बसलेली मुलं शांत बसली खरी, पण मोठी झाल्यावर प्रार्थना सोडणाऱ्यांतही तीच पुढे होती. शाळेत मुलाला मारायला तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदीच आहे. शाळेतल्या बाईंना जे करता येत नाही ते घरात प्रभूच्या नावाने का करावं?

आडवी काठी म्हणजे नेमकं काय ते सांगते. नियम थोडे ठेवा, तीन-चार, आणि ते रोज तेच राहू द्या. मारायचं नाही, चावायचं नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, झोपायची वेळ बदलायची नाही. मोडला तर लगेच, लहानसं, त्या चुकीशी जोडलेलं काहीतरी: ठोकळा फेकून मारला तर ठोकळे उद्यापर्यंत कपाटात. अडीच वर्षांच्या मुलाला लांब भाषण समजत नाही, त्याला उचलून तिथून बाजूला नेणं समजतं. आणि “देव बघतोय हं”, “येशू तुझ्यावर रागावेल” ही वाक्यं घरातून पूर्ण काढून टाका. आपल्याला धाक कमी पडला की आपण देवाला उसना आणतो. मग मुलीने खरंच काही चुकीचं केलं की ती ज्याच्याजवळ धावत जायला हवी त्याच्यापासूनच लपते. बायबलचं वचन दहा वेळा लिहायची शिक्षाही देऊ नका, ते वचन कायमचं कडू होतं.

मिस्टरांना एक गोष्ट करायला सांगा. रात्रपाळी नसेल त्या दिवशी मुलांची प्रार्थना त्यांनी घ्यावी, आणि त्या दिवशी मुलांवर उगाच ओरडले असतील तर मुलांसमोरच म्हणावं, “बाबा चुकले, मला माफ कर.” क्षमेबद्दलचा शब्बाथ शाळेचा कुठलाही धडा या एका वाक्याच्या जवळपास पोचत नाही. मुलं मग भावंडांत ते जसंच्या तसं वापरतात, मी ऐकलं आहे.

गणपतीच्या प्रसादाबद्दल. आपल्या ख्रिस्ती मंडळींत याबाबत दोन मतं आहेत, आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं आहेत. करिंथच्या मंडळीतही मूर्तीला दाखवलेल्या अन्नावरून हाच वाद होता. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायांत त्यावर सविस्तर लिहिलं आहे. तुम्ही दोघं आणि सासूबाई ते बसून वाचा आणि गणपती यायच्या आधी एक ठरवा. पाच वर्षांच्या मुलीसमोर, दारात शेजारीण ताटली घेऊन उभी असताना वाद घालू नका. आमच्या घरी प्रसाद खात नव्हतो, पण “नको” म्हणायचं काम आम्ही मुलांवर कधी टाकलं नाही. मूल ताटली दोन्ही हातांनी घ्यायचं, “थँक्यू काकू” म्हणायचं आणि घरी आणून द्यायचं. पुढचं मोठे बघायचे. शेजाऱ्यांच्या देवाबद्दल घरात एकही हेटाळणीचा शब्द नको. मुलगी तो उद्या वर्गात बोलेल आणि मैत्रीण गमावेल. मंडपातल्या चित्रकला स्पर्धेला, नाचाच्या कार्यक्रमाला तिला जाऊ द्या. आरती सुरू झाली की ती शांत उभी राहील, हात जोडणार नाही, आणि का ते तिला एका वाक्यात सांगा: “आपण येशूजवळ प्रार्थना करतो, ते त्यांच्या पद्धतीने करतात.” एवढं पाच वर्षांला पुरतं.

दिवाळीचा फराळ ही मात्र शेजारधर्माची भेट. तो आनंदाने घ्या, आणि नाताळला परतफेड जोरात करा. आपल्या घरांत नाताळला करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, अनारसे होतातच. चांदणी टांगायला आणि ताटं पोचवायला मुलांना पुढे करा. सोसायटीच्या प्रत्येक मजल्यावर तुमची मुलगी रुमालाने झाकलेलं ताट घेऊन जाऊ दे आणि “नाताळच्या शुभेच्छा” म्हणू दे. वेगळेपणाची लाज वाटण्याआधी मुलांना त्यातला मान कळायला हवा, आणि तो देण्याने कळतो.

तुमच्या मुलीचा प्रश्न मी सगळ्यात गंभीर धरते. आजोबा कधी येणार, असं ती रोज विचारते, कारण तिला आतापर्यंत जे सांगितलं गेलं असेल त्यातून उत्तर मिळालेलं नाही. ‘झोपले’, ‘लांब गेले’, ‘देवाने नेलं’ ही तिन्ही उत्तरं मुलांना घाबरवतात. झोपले म्हटलं की मूल रात्री झोपायला भितं, लांब गेले म्हटलं की कामावर जाणाऱ्या बापाला बिलगतं, देवाने नेलं म्हटलं की तो आता कुणाला नेईल याची वाट बघत बसतं. सरळ सांगा: “आजोबांचं शरीर खूप आजारी झालं आणि चालायचं थांबलं. ते मेले. मेलेलं माणूस परत घरी येत नाही.” थांबा. तिला रडू द्या, किंवा खेळायला पळू द्या, मुलं दोन्ही करतात. मग पुढचं सांगा, कारण आपल्याकडे पुढचंही आहे: “आजोबा प्रभूजवळ आहेत. त्यांना आता दुखत नाही. एक दिवस आपण सगळे त्यांना भेटणार आहोत.” हा क्रम उलटा करू नका. आधी आशा सांगितली की मुलाला वाटतं आजोबा पुढच्या रविवारी येतील.

आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ येशू रडला, हे तिला सांगा. तिला आणि आजीला एकत्र बसवून सांगितलंत तर आणखी चांगलं, कारण विश्वास आहे म्हणून रडायचं नाही असा धाक विधवा बायकांवर मंडळीतच फार घातला जातो. मुलीला आजोबांच्या कबरेवर घेऊन जा. फुलं तिला ठेवू द्या, दगडावरचं नाव वाचून दाखवा. ती तेच प्रश्न पुन्हा विचारेल, महिनोन्‌महिने विचारेल. दर वेळी त्याच शब्दांत उत्तर द्या. तिला माहिती नवी नको असते, उत्तर अजून तेच आहे ना, ही खात्री हवी असते.

राहिला रविवार. मागच्या बाकावर बसू नका. मागे बसलेल्या मुलाला फक्त पाठी दिसतात. पुढून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, कडेच्या जागेवर बसा, म्हणजे पेटी, वेदी आणि पाळकसाहेबांचा झगा दिसतो आणि बाहेरही पटकन पडता येतं. निघण्याआधी पोटभर खायला घाला. पिशवीत पाणी, एक कापडी पुस्तक, कागद आणि दोन खडू, आवाज होणारं काही नको. दानार्पणाचं नाणं मुलीच्या स्वतःच्या मुठीत द्या, तिच्या खाऊच्या पैशांतलं. गीताच्या वेळी दोघांना उभं करा, प्रवचनाला धाकट्याला बाहेर न्या. दीड तास गप्प बसण्याची अपेक्षा तुम्ही सोडली की निम्मं भांडण तिथेच मिटतं. कुणी वडीलधारं मागे वळून डोळे वटारलंच तर हसून “सलाम” म्हणा आणि पुढे बघा. बालकांना मनाई करू नका असं प्रभूने शिष्यांनाच ठणकावून सांगितलं होतं.

फक्त बाहेर जाण्याची पाळी वाटून घ्या. आमच्या मंडळीत वर्षानुवर्षं मी पाहिलं, प्रवचन सुरू झालं की आयांचा घोळका लेकरं कडेवर घेऊन बाहेरच्या कडुनिंबाखाली, आणि बाप आत पंख्याखाली. अशा एका आईने मला सांगितलं होतं, की मूल झाल्यापासून एकही प्रवचन तिने पुरतं ऐकलं नव्हतं. मिस्टरांना रविवारी सुट्टी असेल तेव्हा पहिली पाळी त्यांची, आणि तुम्ही आत बसून शेवटच्या आशीर्वादापर्यंत ऐका.